शांतता काढून टाकणारं बटण

"मग लोकांना नेमकं हवंय तरी काय, मास्तर?"

शिकलगार मास्तर चष्म्याची काच सदऱ्याच्या टोकाला पुसत होते.

कौस्तुभ देवस्थळी हाच प्रश्न तिसऱ्यांदा विचारत होता. सकाळीच तो पुण्याहून मिरजेला आला होता. वय एकतीस. व्हिडिओ एडिट करायचं एक सॉफ्टवेअर त्यानं बनवलं होतं. चार वर्षं त्याला दुसरं काही सुचलं नव्हतं. ते सिनेमावाल्यांसाठी नव्हे, साध्या माणसांसाठी होतं. घरी, शाळेत, दवाखान्यात बसून आपापले व्हिडिओ कापणाऱ्या-जोडणाऱ्यांसाठी.

माणसं ते हौसेनं घ्यायची. आणि आठव्या दिवशी सोडून द्यायची.

"चौदाशे जणांना प्रश्नावली पाठवली मी," कौस्तुभ म्हणाला. "त्यांनी जे जे मागितलं ते सगळं घातलं. दोनशे बारा सोयी आहेत आत. दुसऱ्या कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये नसतील. तरी जातात."

"कुठं जातात?"

"जुन्याकडे. आधी जे वापरत होते ते. ते अडकतं, बंद पडतं, तरी त्याच्याकडेच."

"मग त्यांनाच विचार की, का गेलात म्हणून."

"विचारलं. म्हणतात, छान आहे हो तुमचं."

मास्तर हसले. चष्मा डोळ्यांवर चढवला.

नूरुद्दीन शिकलगार चौऱ्याहत्तर वर्षांचे होते. बावीस वर्षं त्यांनी कोल्हापूरच्या एका स्टुडिओत हातानं फिल्म कापली आणि जोडली. स्टुडिओ बंद झाला तेव्हा गावी परतले, पन्नाशीत कॉम्प्युटर शिकले. आता झेरॉक्सच्या दुकानावरच्या एका खोलीत त्यांचे तीन कॉम्प्युटर होते. ज्याला आपला व्हिडिओ जोडायचाय त्यानं यावं, बसावं, अडलं तर विचारावं. मास्तर कोणाला शिकवत नसत. तरी माणसं शिकून जात.

"तुम्ही इतक्या लोकांना हे काम करताना पाहिलंय," कौस्तुभ म्हणाला. "तुम्हाला माहीत असणार."

"मला नाही माहीत."

"मास्तर..."

"खरंच नाही. बघतोय अजून." मास्तरांनी खिडकीजवळच्या स्टुलाकडे बोट केलं. "तू पण बघ. आठ दिवस राहा. कळलं तर मला सांग."

कौस्तुभला वाटलं, आपण विचारायला आलो आणि हे आपल्यालाच कामाला लावतायत.

"एक अट आहे," मास्तर म्हणाले. "बोलायचं नाही. हात लावायचा नाही."

"आणि कोणी चुकत असलं तर?"

"चुकू दे."

पहिल्या दिवशी शमशाद बागवान आल्या. त्या स्वयंपाकाचे व्हिडिओ करायच्या, आणि गावोगावच्या बायका ते बघून मसाले करायच्या. शमशादबाईंनी कांदा परतल्याचं चाळीस मिनिटांचं चित्रण कॉम्प्युटरवर घेतलं आणि सगळ्यांत आधी एक गोष्ट केली. रंग आपोआप उजळवणारी खूण शोधून बंद केली.

कौस्तुभ स्टुलावर चुळबुळला. त्याच्या सॉफ्टवेअरमध्ये ती सोय सुरूच असायची. बंद करायची झाली तर तीन पायऱ्या आत जावं लागे.

शमशादबाईंनी त्याच्याकडे पाहिलं.

"काय ओ? काय चुकलं काय?"

कौस्तुभनं तोंडावर बोट ठेवलं आणि मास्तरांकडे हात केला.

"अस्सं. गप्प बसवलंय व्हय." त्या पुन्हा पडद्याकडे वळल्या. मग स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या, "कांदा सोनेरी झालाय का करपलाय, ते बघणाऱ्या बाईला कळाय पाहिजे. ह्यो सगळंच सोनेरी करून दाखवतोय. मग त्या करपवतील न्हाई तर काय!"

कौस्तुभनं वहीत लिहिलं, 'कांदा.' पुढे काय लिहावं ते त्याला सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी गुरांचे डॉक्टर सनदी आले. गाईच्या सडाला झालेली जखम गवळ्यांना दाखवायची, तिच्यावर एक बाण काढायचा, एवढंच त्यांचं काम होतं. बाण सापडेना.

"मास्तर, मागच्या खेपेला बाण इथं होता की."

"होता."

"मग कुठं नेला?"

"सॉफ्टवेअर नवीन झालंय, डॉक्टर. मंगळवारी."

"कशाला? मी तर काही तक्रार केली नव्हती."

वीस मिनिटांनी बाण सापडला. कौस्तुभनं वहीत काही लिहिलं नाही. त्याचं सॉफ्टवेअर दर पंधरा दिवसांनी नवीन होत असे. ती गोष्ट तो सगळीकडे अभिमानानं सांगत असे.

त्या संध्याकाळी चहा पिताना मास्तरांनी विचारलं, "काय बघितलंस?"

"माणसं जेमतेम पाच गोष्टी वापरतात."

"मग बाकीच्या दोनशे सात काढून टाकशील?"

कौस्तुभनं बशी खाली ठेवली. "काढू का?"

"मी कुठं म्हटलं तसं?"

"पण..." तो अडखळला. "प्रत्येकाच्या पाच वेगळ्या आहेत, मास्तर. बागवानबाईंच्या वेगळ्या, डॉक्टरांच्या वेगळ्या."

मास्तरांनी त्याच्याकडे पहिल्यांदाच नीट पाहिलं. मग कप विसळायला उठले.

तिसऱ्या दिवशी, शाळा सुटल्यावर, वैजयंती आरवाडे आल्या.

त्या मूकबधिर मुलांच्या शाळेत शिकवायच्या. त्यांच्या शाळेत कुंभोजकर नावाचे सुतारकामाचे शिक्षक होते. ते स्वतः जन्मापासून बहिरे. एकोणतीस वर्षं त्यांनी हातांच्या खुणांनी मुलांना लाकूड निवडायला, पटाशी धरायला, सांधा बसवायला शिकवलं होतं. ते निवृत्त झाले तेव्हा वैजयंतीबाईंनी त्यांना त्यांच्याच घरी कॅमेऱ्यासमोर बसवलं आणि जे जे येतं ते सगळं सांगायला लावलं. एक तास बावन्न मिनिटं ते हातांनी बोलले.

त्यानंतर दीड महिन्यानं त्यांना झटका आला. उजवी बाजू गेली.

वैजयंतीबाई आता त्या चित्रणाचे छोटे छोटे धडे करत होत्या. तीन आठवडे झाले होते. जेमतेम पंधरा मिनिटांपर्यंतच्या जागा ठरल्या होत्या, एकही धडा अजून वेगळा साठवला नव्हता. थोडं बघायच्या, थांबवायच्या, मागे न्यायच्या, पुन्हा बघायच्या. कॉम्प्युटरमधून काहीच आवाज येत नव्हता.

कौस्तुभ बघत होता. थांब, मागे, पुन्हा. थांब, मागे, पुन्हा. त्याला राहवेना.

पाचच्या सुमारास मास्तर असरच्या नमाजासाठी खाली उतरले. त्यांच्या पावलांचा आवाज जिन्यावरून गेला, आणि कौस्तुभ स्टुलावरून उठला.

"मॅडम, हे दोन मिनिटांत होईल."

वैजयंतीबाईंनी वळून पाहिलं. डोळे लाल झाले होते.

"काय?"

"मधल्या सगळ्या रिकाम्या जागा माझं सॉफ्टवेअर आपोआप काढतं. तुम्ही तासभर जे शोधताय ते एका बटणात होईल. मी बनवलंय ते."

"खरंच?"

"द्या इकडे."

त्यांनी आपली छोटी हार्ड डिस्क काढून दिली. कौस्तुभनं ती लॅपटॉपला जोडली, कुंभोजकर सरांचा व्हिडिओ उघडला आणि बटण दाबलं. चौदाशे जणांपैकी नऊशे जणांनी हेच बटण मागितलं होतं. बोलण्यातल्या शांत जागा शोधून काढून टाकणारं.

पडद्यावरची निळी पट्टी भरत गेली. पूर्ण झाली.

एक तास बावन्न मिनिटांच्या व्हिडिओचा चौदा सेकंदांचा व्हिडिओ झाला होता.

कौस्तुभनं तो लावला. जमिनीवर हातोडा पडल्याचा आवाज. बाहेरून गेलेली एक स्कूटर. आतल्या खोलीतून कोणीतरी विचारलेलं, "बाई, चहा ठेवू का?" संपलं.

"बाकीचं?" वैजयंतीबाई म्हणाल्या.

"त्याला... ते रिकामं वाटलं. आवाज नाही ना."

"ते बोलतायत."

"हो, पण..."

"दोन तास बोलतायत ते, सर!"

"थांबा. मूळचं परत आणतो."

तो असं म्हणाला, आणि म्हणता म्हणताच त्याला आठवलं. फोनमध्ये जागा पुरत नाही अशी लोकांची तक्रार होती. म्हणून काम झालं की सॉफ्टवेअर मूळ फाईल स्वतःच पुसून टाकायचं. न विचारता. दोनशे बारा सोयींपैकी ही एकशे नव्वदावी. त्यानं स्वतः एका दुपारी लिहिली होती.

त्यानं डिस्क उघडून पाहिली. फाईल नव्हती.

"दुसरी प्रत असेल ना? कॅमेऱ्याच्या कार्डावर?"

"कार्डावर क्रीडादिनाचं चित्रण केलं नंतर." त्यांचा आवाज फार बारीक झाला होता. "सरांच्या घरचं तेवढं डिस्कवर घेतलं होतं... आणि रोज म्हणत होते, एक प्रत काढून ठेवायची, एक प्रत काढून ठेवायची."

जिन्यावर पावलं वाजली.

मास्तर दारात आले. दोघांच्या तोंडाकडे बघून तिथंच थांबले.

कौस्तुभनं सगळं सांगितलं. काही लपवलं नाही, स्वतःच्या बाजूनं एकही शब्द बोलला नाही. अट मोडल्याचंही सांगितलं.

मास्तरांनी माठातलं पाणी काढून वैजयंतीबाईंना दिलं. त्यांनी भांडं हातात धरलं, प्यायल्या नाहीत.

"त्यांचा उजवा हात आता उठत नाही, मास्तर," त्या म्हणाल्या. "परत कसं करणार?"

खालच्या दुकानातलं झेरॉक्सचं मशीन फटफट करत होतं.

मग मास्तर कौस्तुभकडे वळले.

"आता हात लाव."

पुसलेली फाईल लगेच नाहीशी होत नाही. तिच्या जागेवर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत ती तिथंच कुठेतरी पडून असते. कौस्तुभला हे ठाऊक होतं, म्हणून त्यानं डिस्क त्या क्षणी काढून ठेवली आणि कोणाला पुन्हा जोडू दिली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तो ती घेऊन सांगलीला गेला. तिथं पुसलेल्या गोष्टी परत काढून देणारा एक माणूस होता. कौस्तुभ दोन दिवस त्याच्या दुकानातल्या बाकावर बसून राहिला. पुण्याहून फोन आले, ते त्यानं घेतले नाहीत.

एक तास बावन्न मिनिटांपैकी एकाहत्तर मिनिटं परत आली. अडतीस तुकड्यांत. कुठला आधी, कुठला नंतर, काही कळत नव्हतं.

तो परत आला तेव्हा वैजयंतीबाई खोलीत बसलेल्या होत्या. त्यांनी एकेक तुकडा उघडून पाहिला. चेहरा हलत नव्हता.

"लाकूड ओळखायचं आलंय," त्या म्हणाल्या. "पटाशीचं आलंय. रंध्याचं अर्धं आहे." शेवटचा तुकडा बंद करून म्हणाल्या, "पाचर कशी मारायची ते गेलं."

कौस्तुभ उभाच होता.

"मॅडम, मी..."

"बसा," त्या म्हणाल्या. "तुकडे खूप आहेत. माझ्या एकटीच्यानं नाही होणार. पण मी सांगितल्याशिवाय कापायचं नाही."

तो बसला. आपला लॅपटॉप त्यानं पिशवीतून काढलाच नाही. मास्तरांच्या मधल्या कॉम्प्युटरवर, अडकणाऱ्या जुन्या सॉफ्टवेअरवर, दोघांनी काम सुरू केलं.

पहिल्या दिवशी त्या सांगायच्या आणि तो कापायचा. दुसऱ्या दिवशी त्याला वाटलं, आपल्याला लक्षात यायला लागलंय. वाक्य संपलं की कुंभोजकर सर हात खाली आणून गुडघ्यांवर ठेवतात. त्यानं स्वतःहून एक जागा धरली. हात गुडघ्यांवर आले. कापलं.

"थांबा. मागे घ्या."

"का? हात खाली आले होते."

"तुम्ही कापलंत तिथपर्यंत सर काय म्हणतायत, सांगा बघू."

"मला कसं कळणार?"

"ओल्या लाकडाला सरस लाव, असं म्हणतायत."

"मग?"

वैजयंतीबाईंनी चित्रण जेमतेम एक सेकंद पुढे नेलं. गुडघ्यावरचा एक हात पुन्हा वर आला. छोटीशी हालचाल. झाली न झाली.

"हे 'नाही'," त्या म्हणाल्या. "आमच्या भाषेत 'नाही' सगळ्यांत शेवटी येतं."

कौस्तुभनं ती हालचाल पुन्हा लावली. पुन्हा लावली.

"एका सेकंदाचं आहे," तो म्हणाला.

"हो. आणि तेवढं गेलं असतं तर पोरं वर्षानुवर्षं ओल्या लाकडाला सरस लावत बसली असती. वर म्हणाली असती, कुंभोजकर सरांनीच शिकवलंय."

कोपऱ्यात मास्तर वर्तमानपत्र वाचत होते. त्यांनी पान उलटलं.

त्या दिवशी कौस्तुभनं सगळ्यांत जास्त वेळा एकच बटण दाबलं. एक पाऊल मागे घेण्याचं. सुरुवातीला तो मोजत होता. मग मोजायचं विसरला.

रविवारी ते दोघं जोडलेला व्हिडिओ घेऊन कुंभोजकर सरांच्या घरी गेले. मास्तर आले नाहीत.

सर खिडकीजवळ खुर्चीत बसले होते. उंच, हाडापेरानं मोठे. उजवा हात मांडीवर होता, दुसऱ्याच कोणाचा तरी ठेवल्यासारखा. झालेला प्रकार वैजयंतीबाईंनी खुणांनी सांगितला. सर कौस्तुभकडे बघत होते. कौस्तुभनं मान खाली घातली.

व्हिडिओ सुरू झाला. सर स्वतःला बघू लागले. पडद्यावर दोन हात बोलत होते, आणि खुर्चीतला डावा हात त्यांच्यासोबत थोडाथोडा हलत होता.

एका जागी त्यांनी हात वर करून थांबवायला लावलं. भराभर काहीतरी म्हणाले. वैजयंतीबाईंना हसू आलं.

"काय म्हणाले?"

"म्हणतात, इथं माझीच चूक आहे. पटाशी उलटी धरलीय मी. हे काढा."

"आणि बाकीचं?"

"बाकीचं बरं आहे म्हणतात. पाचरेचं कुठं आहे, ते विचारतायत."

वैजयंतीबाईंनी हळूहळू खुणा केल्या. सरांनी त्या पाहिल्या. मांडीवरच्या हाताकडे पाहिलं. मग डाव्या हाताचं बोट कॅमेऱ्याच्या पिशवीकडे केलं.

कॅमेरा कौस्तुभनं धरला.

जे पूर्वी तीन मिनिटांत सांगून झालं होतं त्याला तेवीस मिनिटं लागली. दोन हातांच्या खुणा एका हातानं करायच्या होत्या. काही जागी सर सुरुवात करायचे, जमायचं नाही, थांबायचे, दुसरा मार्ग शोधायचे. एकदा त्यांनी डाव्या हातानं उजवा हात उचलला, खुर्चीच्या हातावर लाकडासारखा आडवा ठेवला, आणि त्याच्यावर पाचर मारून दाखवली.

कौस्तुभनं कॅमेरा त्या हातांच्या जवळ नेला.

संपल्यावर त्यानं वैजयंतीबाईंना हळूच विचारलं, "मधे बराच वेळ थांबले होते ते. त्या जागा काढायच्या का ठेवायच्या?"

"मी काय सांगणार? त्यांनाच विचारते."

त्यांनी विचारलं. सर विचारात पडले. मग डाव्या हातानं, सावकाश, उत्तर दिलं.

"म्हणतात, हात उचलायला लागलेला वेळ काढा. विचार करायला लागलेला ठेवा."

"पण कोणता कुठला, ते मला कसं कळणार?"

वैजयंतीबाईंनी प्रश्न पोचवला. सर कौस्तुभकडे बघून हसले. एक छोटी खूण केली. ती त्याला सांगावी लागली नाही, तरी वैजयंतीबाईंनी सांगितली.

"म्हणतात, मला विचारा."

मिरजेतून निघायच्या दिवशी कौस्तुभ मास्तरांच्या पाया पडायला वाकला. मास्तरांनी त्याला दंडाला धरून वरच थांबवलं.

"आठ दिवस म्हटलं होतं, सोळा झाले," ते म्हणाले. "मग? लोकांना काय हवं असतं?"

कौस्तुभनं पिशवी खांद्याला लावली.

"आलो तेव्हा जास्त माहीत होतं मला," तो म्हणाला.

"हं," मास्तर म्हणाले.

चार महिन्यांनी तो परत आला.

शनिवार होता. दुपारचं ऊन खोलीत आलं होतं. वैजयंतीबाई नेहमीच्या जागी होत्या, आठवीच्या मुलांनी केलेल्या नाटकाचं चित्रण घेऊन. कौस्तुभनं नवीन सॉफ्टवेअर आणलं होतं. तो पूर्वीसारखा भडाभडा बोलला नाही. विचारलं तेवढंच सांगितलं.

"काय घातलंस नवीन?" मास्तरांनी विचारलं.

"फारसं काही नाही."

"मग चार महिने काय केलंस?"

"ज्याची वस्तू जिथं असेल तिथंच राहील, एवढं बघितलं. बाण हलणार नाही. रंग कोणी मागितल्याशिवाय बदलणार नाही. आणि मूळचं काही पुसलं जाणार नाही, कधीच."

"शांतता काढायचं ते बटण?"

"आहे. नऊशे जणांना हवंय ते. पण आता ते कापत नाही. नुसतं दाखवतं, की इथं आवाज नाही, काय करू? विचारतं."

मास्तरांनी मान हलवली. पडद्याकडे मात्र त्यांनी पाहिलंही नाही.

"बाई," ते म्हणाले, "बघता का वापरून?"

वैजयंतीबाईंनी कौस्तुभकडे पाहिलं. मग आपल्या डिस्कच्या दोन प्रती आहेत ना, ते पिशवीत हात घालून चाचपलं, आणि एक जोडली.

पहिली दहा मिनिटं त्या जपून एकेक बटण दाबत होत्या. दर वेळी मागे घेऊन बघत होत्या, येतंय का परत. येत होतं. हळूहळू त्यांचे खांदे सैल झाले. खुर्चीवर मागे रेलून त्या काम करू लागल्या. पडद्यावर मुलं हातांनी भांडत होती, राजा रुसला होता, प्रधान त्याची समजूत घालत होता. बाईंचे ओठ हलत होते. मधेच त्या हसल्या. आपल्या पाठीमागे कोणी आहे हे त्या विसरून गेल्या होत्या.

कौस्तुभ स्टुलावर बसून बघत होता. तासभर झाला. त्याच्या चेहऱ्यावर समाधान पसरत चाललं होतं.

"आमच्याकडं वीज फार जाते," मास्तर हळू आवाजात म्हणाले.

"चालेल. काही जाणार नाही. प्रत्येक क्षणाचं काम साठवलं जातं."

"नक्की?"

"दोनशेदा तपासलंय, मास्तर. चालू कॉम्प्युटरची तार उपटून बघितलंय. एक सेकंदही हरवला नाही."

"मग आत्ता काढ."

"काय?"

मास्तरांनी भिंतीकडे बोट केलं. वैजयंतीबाईंच्या कॉम्प्युटरची तार तिथं बोर्डात खोचलेली होती.

"ती तार काढ."

"आत्ता? त्या काम करतायत..."

"म्हणूनच."

कौस्तुभ उठला. भिंतीपाशी गेला. खाली वाकून त्यानं प्लग धरला.

त्याला पक्कं ठाऊक होतं, काही होणार नाही. पडदा काळा होईल, पुन्हा सुरू होईल, आणि राजा, प्रधान, भांडण, सगळं होतं तिथंच असेल. दोनशेदा झालं होतं. दोनशे एकाव्यांदाही होईल.

त्यानं मान वळवून पाहिलं. वैजयंतीबाईंचा हात हवेत थांबला होता. पडद्यावरच्या एका मुलीचे हात गुडघ्यांवर आले होते, आणि बाई वाट बघत होत्या, ते पुन्हा उठतायत का ते.

कौस्तुभ तसाच वाकून राहिला.

मग त्यानं प्लग सोडला. स्टुलावर येऊन बसला.

"का रे?" मास्तर म्हणाले.

"काही होणार नव्हतं."

"मग काढली का नाहीस?"

कौस्तुभ वैजयंतीबाईंच्या पाठीकडे बघत होता. तो म्हणाला, "त्या दचकल्या असत्या..."

मास्तरांनी चष्मा काढला. काच सदऱ्याला पुसली नाही, नुसता चष्मा हातात धरून बसून राहिले.

"आता सॉफ्टवेअर बनवायला घे," ते म्हणाले.